रस्त्यालगतचे घर आणि बाईचे हृदय

घर बघायला जाताना आपण काय काय विचारतो? पाणी किती वेळ येते, मशीद किती लांब, मुलांची शाळा कुठे, लिफ्ट आहे का, शेजार कसा आहे. घर रस्त्याला लागून असेल तर ते जमेचेच धरतो. ‘खाली उतरलात की रिक्षा, भाभी’ असे दलाल सांगतो आणि त्या एका वाक्यावर भाडे हजार-दोन हजारांनी वाढवतो. रस्ता जवळ असण्याची आणखी एक किंमत असते. ती करारात लिहिलेली नसते. दिवसाचे अठरा-वीस तास जी त्या घरात काढते तिच्याकडून ती सगळ्यात जास्त वसूल होते. या महिन्यात आम्ही त्याच किमतीविषयी लिहीत आहोत.

धुराने दमा होतो, खोकला होतो, डोळे चुरचुरतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. हृदयाचे नाव मात्र या यादीत कुणी घेत नाही. आणि आवाजाला तर आपण आजाराचे कारण मानतच नाही. आवाज म्हणजे त्रास, सवय झाली की संपला, अशी आपली समजूत. ही समजूत किती चुकीची आहे ते डेन्मार्कमधल्या परिचारिकांनी दाखवून दिले.

डेन्मार्क हा लहानसा, नेटका, आपल्या मानाने फारच शांत देश. तिथे १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये ४४ वर्षांवरील हजारो परिचारिकांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. वजन किती, सिगारेट ओढता का, दारू घेता का, व्यायाम करता का, रक्तदाब आहे का, पाळी गेली का, कामाच्या पाळ्या कशा असतात, असे सगळे प्रश्न होते. परिचारिकाच का निवडल्या? एक तर त्या आजारपणाविषयी नेमकी उत्तरे देतात. दुसरे म्हणजे सगळ्यांचा पेशा, शिक्षण आणि कमाई साधारण सारखी, म्हणून तुलना सोपी होते. शिवाय त्या देशात प्रत्येक माणसाचा पत्ता सरकारी नोंदवहीत असतो. कोण कधी कुठे राहायला गेले, कधी रुग्णालयात दाखल झाले, कशासाठी झाले, हे सारे जुळवता येते. मग संशोधकांनी एकेका बाईच्या दारावरून किती गाड्या जात होत्या, तिथल्या हवेत किती धूर होता, किती आवाज होता, याचा वर्षांगणिक हिशोब मांडला.

या माहितीवर कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २२,१८९ परिचारिका होत्या आणि त्यांच्यावर पंधरा ते वीस वर्षे लक्ष ठेवले गेले होते. प्रश्न एकच होता: यातल्या किती जणींना पुढे ‘हार्ट फेल्युअर’ झाले, आणि त्याचा घराजवळच्या हवेशी आणि आवाजाशी काही संबंध आहे का?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. पुष्कळांचा इथेच गोंधळ होतो. हृदय चालू असते, पण पंप थकलेला किंवा ताठ झालेला असतो. रक्त पुरेसे पुढे ढकलले जात नाही, मागे तुंबते. मग पायाला सूज, जिना चढताना धाप, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, असे एकेक सुरू होते. हा एका रात्रीत येणारा आजार नाही. वर्षानुवर्षे तो आतल्या आत तयार होत असतो.

अभ्यासात असे आढळले की हवेतील बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते दर घनमीटरला ५.१ मायक्रोग्रॅमने जास्त असतील तर या आजाराचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो. नायट्रोजन डायऑक्साइड हा मुख्यतः गाड्यांच्या धुरातून येणारा वायू. तो ८.६ मायक्रोग्रॅमने जास्त असेल तर धोका १० टक्क्यांनी वाढतो. आणि रस्त्याचा आवाज ९.३ डेसिबलने जास्त असेल तर १२ टक्क्यांनी. पूर्वी सिगारेट ओढणाऱ्या आणि ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता अशा स्त्रियांना धोका आणखी जास्त होता.

हे आकडे वाचून घाबरू नका. १७ टक्के वाढ म्हणजे शंभरातल्या सतरा जणी आजारी पडल्या असे नाही. बावीस हजारांतून हा आजार झाला तो सुमारे पाचशे जणींना. त्या थोड्यांच्या संख्येत एवढी वाढ, असा त्याचा अर्थ. एकट्या बाईच्या दृष्टीने ती लहान वाटेल. पण रस्त्यालगत राहणाऱ्या लाखो बायकांचा विचार केला की लहान राहत नाही. आणि धोका वाढलेला दिसला म्हणजे कारण शंभर टक्के सिद्ध झाले असेही नाही. वजन, व्यायाम, सिगारेट यांचा हिशोब वजा करूनही संबंध उरला, एवढे मात्र नक्की.

डेन्मार्कचे एकटे उदाहरण असते तर आम्ही इतके लिहिलेही नसते. अमेरिकेत ३६ शहरांतील ६५,८९३ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्या पाळी गेलेल्या आणि आधी हृदयविकार नसलेल्या स्त्रिया होत्या. बारीक कण १० मायक्रोग्रॅमने वाढले की हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका २४ टक्क्यांनी, आणि त्याने मृत्यू येण्याचा धोका ७६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तिथल्याच परिचारिकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१४ मध्ये, सरळ अंतर मोजले गेले. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या स्त्रियांना अचानक हृदय बंद पडून मृत्यू येण्याचा धोका, ५०० मीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होता. पन्नास मीटर म्हणजे किती? आपल्या वस्त्यांत पन्नास मीटरमध्ये तीन इमारती, एक बेकरी, दोन चहावाले आणि एक मदरसा सहज मावतो.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. हैदराबादलगतच्या २८ गावांत केलेल्या अभ्यासात हवेतले बारीक कण वाढले तसा बायकांचा रक्तदाबही वाढलेला दिसला. पुरुषांमध्ये तसे दिसले नाही. का, याची अनेक कारणे असू शकतील. आम्हाला एक सरळ कारण दिसते. पुरुष दिवसभर कुठे कुठे फिरतो, कामाला दुसऱ्या ठिकाणी जातो. बाई बहुतेक वेळ घरात आणि घराभोवती असते. म्हणून घराची हवा हीच तिची हवा.

आता हे घडते कसे, ते थोडे पाहू. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. पीएम २.५ चा कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. तो नाकातल्या केसांत अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातो. तिथे शरीर त्याला शत्रू समजते आणि दाह सुरू होतो. दाह फुप्फुसापुरता राहत नाही, रक्तात उतरतो. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, त्या ताठ होतात, रक्त गोठण्याकडे कल वाढतो, रक्तदाब चढतो. पंपाला रोज थोडे जास्त जोर लावून काम करावे लागते. कण फक्त धुरातूनच येतात असेही नाही. ब्रेक आणि टायर झिजून उडणारी पूडही त्यात असते. म्हणून विजेवरची गाडी धूर सोडत नसली तरी सगळा प्रश्न मिटवत नाही.

आवाजाचे काम वेगळ्या वाटेने चालते. मोठा आवाज झाला की शरीर धोका समजते. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही तणावाची द्रव्ये सुटतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आखडतात. जंगलात वाघ आला तर हे उपयोगी. पण इथे वाघ नाही, खडी भरलेला डंपर आहे, आणि तो रात्रभरात दोनशे वेळा येतो. ‘आता सवय झाली, झोप मोडत नाही’ असे पुष्कळ जणी सांगतात. खरे आहे, मन जागे होत नाही. शरीर मात्र जागे होते. झोपेतही प्रत्येक ट्रकबरोबर रक्तदाब क्षणभर चढतो आणि उतरतो. सवय कानांना होते, हृदयाला होत नाही. रात्री रक्तदाब खाली येऊन हृदयाला जो आराम मिळायला हवा तो मिळत नाही. रमजानमध्ये इशा-तरावीह आटोपून दोन-तीन तास पडायचे आणि सहरीला उठायचे, त्या घरात ते दोन-तीन तासही असे फाटके असतील तर बाकी काय राहते?

डेसिबलचे गणितही फसवे आहे. ५५ वरून ६५ म्हणजे दहाच वाढले असे वाटते. प्रत्यक्षात आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दुसरीकडे, वाहनांच्या नियमांनुसार गाडीच्या हॉर्नला ९३ ते ११२ डेसिबलपर्यंत परवानगी आहे. म्हणजे एका कायद्याने दिलेली शांतता दुसऱ्या कायद्याने दिलेला हॉर्न मोडतो. हवेचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बारीक कणांसाठी वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम असावी असे सुचवले. आपल्याकडची कायदेशीर मर्यादाच ४० आहे. डेन्मार्कच्या अभ्यासात पाचाच्या फरकाने हृदयावर परिणाम दिसला हे आठवले की या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात येईल.

मुंबईच्या वाचकांना जेजे उड्डाणपूल माहीत आहे. कागदोपत्री नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. २००२ मध्ये तो खुला झाला, लांबी सुमारे अडीच किलोमीटर. खाली महंमद अली रोडची गर्दी, वर पूल, आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती. कित्येक घरांत खिडकी उघडली की समोर पुलाचा कठडा. दक्षिण मुंबईत कामाला जाणाऱ्यांचा वेळ वाचला, हे मान्य. पण वेळ वाचला तो गाडीत बसलेल्याचा. खिडकीत कांदे चिरत बसलेल्या बाईला पूर्वी खालचाच रस्ता होता, आता डोळ्यांच्या पातळीवर दुसरा रस्ता आला. दोन्हीकडे उंच इमारती असलेल्या रस्त्यात धूर उडून जायला वाव नसतो, तो तिथेच घुटमळतो. मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, नागपाडा, कुठलीही आपली दाट वस्ती घ्या, बायपासचे ट्रक, गोदामांचे टेम्पो किंवा महामार्गाचा पूल तिच्या अंगाला घासूनच गेलेला दिसेल. जिथे घर स्वस्त तिथे रस्ता जवळ, की जिथे रस्ता जवळ तिथे घर स्वस्त? काहीही असले तरी पदरात पडते ते एकच.

यात एक गोष्ट आम्हाला जास्त टोचते. बाईचे हृदय दुखते हे घरात कुणाच्या मनातच येत नाही. अब्बांच्या छातीत कळ आली की रिक्षा, दवाखाना, ईसीजी, सगळे अर्ध्या तासात होते. अम्मी म्हणाली ‘दम लागतोय’, की ‘वय झाले’, ‘वजन कमी कर’, ‘गॅस झाला असेल, सोडा घे’. ती स्वतःही तेच म्हणते. त्यातून बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा वेगळी असतात. छातीत जोराची कळ असेलच असे नाही. धाप, विनाकारण थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, थंड घाम, एवढेच असते. हार्ट फेल्युअरचे तर आणखी हळू. पूर्वी तीन मजले सरळ चढणारी बाई आता दुसऱ्या मजल्यावर पिशवी ठेवून उभी राहते. झोपायला एकाऐवजी दोन उशा लागतात. रात्री श्वास कोंडून उठून बसावे लागते. संध्याकाळी चप्पल घट्ट होते, पायावर बोट दाबले तर खड्डा राहतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढते, जेवण तेवढेच असूनही. यातले काही दिसत असेल तर सोडा पिऊन बसू नका, डॉक्टरांना दाखवा आणि ‘हृदयाचे काही आहे का’ असे तोंडाने विचारा. ईसीजी आणि गरज पडली तर इको करून पुष्कळ उलगडा होतो. छातीत दाब, घाम किंवा अचानक दम असेल तर वाट बघूच नका, १०८ ला फोन करा. चाळिशीनंतर रक्तदाब वर्षातून दोनदा तरी मोजून घ्यावा. रस्त्यालगत राहत असाल आणि रक्तदाब आधीच असेल तर गोळी चुकवू नये. डेन्मार्कच्या अभ्यासात धोका जास्त दिसला तो अशाच स्त्रियांना.

आता घर बदलणे कुणाच्या हातात असते? फार थोड्यांच्या. म्हणून आहे त्या घरात काय करता येईल ते सांगतो.

सगळ्यात आधी झोपायची जागा. रस्त्याकडची मोठी खोली हॉल म्हणून पाहुण्यांसाठी राखायची आणि घरच्यांनी कुठेही पथारी टाकायची, ही आपली रीत. रात्री तरी ती उलटी करा. ज्या बाजूला रस्ता नाही तिकडे झोपा. खोली लहान असली तरी चालेल. आणि ती जागा वाटताना घरातल्या वयस्क बाईचा नंबर शेवटी लावू नका. आमच्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत मुलाला अभ्यासासाठी आतली शांत खोली आणि दादीला दाराजवळची खाट असे असते. एकच खोली असेल तर निदान अंथरूण खिडकीखालून हलवा. मधे कपाट किंवा जाड पडदा आला तर आवाज थोडाफार दबतो, जाड गोधडी टांगली तर आणखी बरा.

खिडक्या कायमच्या बंद ठेवणे आपल्या हवामानात शक्य नाही आणि बरेही नाही. गर्दीच्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, रस्त्याकडच्या बंद ठेवाव्या आणि मागच्या उघडाव्या. दुपारी किंवा वर्दळ कमी असेल तेव्हा उलट. हिवाळ्यात पहाटे धूर खाली दाबलेला असतो. फजरनंतर लगेच मोठ्या रस्त्याने चालायला निघण्यापेक्षा ऊन आल्यावर आतल्या गल्लीतून किंवा मैदानात चालणे चांगले. चालणे मात्र सोडू नका, त्याचा फायदा धुराच्या तोट्याहून मोठा आहे. हवा कशी आहे ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर दिसते. मोबाईल हातात असलेल्या मुलांना एवढे काम सांगायला हरकत नाही.

झाडूने धूळ उडते, म्हणून खिडकीजवळ ओले फडके फिरवा. स्वयंपाकघरातला पंखा फोडणीच्या वेळीच नव्हे, गॅस पेटलेला असेल तोवर चालू ठेवा, कारण गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. मच्छरांची कॉइल, अगरबत्ती आणि जुमेरातचे लोबान यांचाही धूरच असतो. बाहेरून आलेल्या धुरात घरचा धूर मिसळू नये. लोबान लावायचेच तर खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. आणि घरात सिगारेट-बिडी नको, हे मर्दांना सांगायचे काम तुमचे नाही, त्यांचे त्यांना कळायला हवे. पण कळत नसेल तर सांगाच.

नकाब किंवा ओढणीने धूर अडतो, असे काही भगिनींना वाटते. मोठी धूळ थोडी अडते. अडीच मायक्रॉनचा कण साध्या कापडातून आरपार जातो, कडेनेही जातो. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी गर्दीच्या रस्त्याने जाताना नकाबाखाली एन-९५ मास्क लावावा. दिसतही नाही.

हे झाले घरातले. पण रस्ता घराबाहेर आहे, तेव्हा थोडे बाहेरही बोलावे लागेल. मुंबईत आवाजाविरुद्ध गेली वीसहून अधिक वर्षे सर्वांत चिकाटीने लढणारी व्यक्ती एक स्त्री आहे, सुमैरा अब्दुलाली. हातात आवाज मोजायचे यंत्र घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या, उच्च न्यायालयात गेल्या, ‘आवाज फाउंडेशन’ उभे केले. आकडा हातात असला की अधिकाऱ्याला ‘बघतो’ म्हणून टाळता येत नाही, हे त्यांच्या कामातून दिसते. नियमांप्रमाणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक गमतीदार प्रयोग दाखवला होता. लाल दिव्यापाशी हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. जास्त वाजवा, जास्त थांबा. लोक हसले, देशभर व्हिडिओ फिरला. कायमचा झाला असता तर आम्हीही हसलो असतो.

सोसायटीच्या किंवा मोहल्ला कमिटीच्या बैठकीत पाण्याची टाकी आणि गेटचा रंग यावर दोन तास जातात. त्यातला अर्धा तास या विषयाला द्या. रात्री अवजड वाहनांना आतल्या रस्त्याने बंदी, शाळा आणि दवाखान्याजवळ हॉर्नबंदीचा फलक, पुलाच्या किंवा बायपासच्या कडेला आवाज अडवणारी भिंत, रस्त्याकडेला दाट झाडी, गोदामाच्या टेम्पोंनी इंजिन चालू ठेवून उभे न राहणे, यातले दोन-तीन मुद्दे निवडून वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलिस यांना लेखी द्यावे, पोच घ्यावी. सह्यांमध्ये बायकांच्या सह्या जास्त असाव्यात. दिवसभर त्या आवाजात कोण असते हे अर्ज वाचणाऱ्याला त्यावरूनच कळेल. टेम्पोवाला बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातला असतो. त्याच्या अम्मीचे घर रस्त्याकडे आहे का, ते आधी विचारून बघा.